आधी माहिती आणा, मग लेखणी उचला

लेख लिहायला शिकायचंय, असं म्हणणाऱ्या नवोदिताला चारी बाजूंनी एकच सल्ला मिळतो: शब्दसंग्रह वाढवा, सुरुवात आकर्षक करा, शेवटी सुविचार टाका. हा सल्ला देणाऱ्यांनी मराठीतल्या नव्या लेखकांचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं अशुद्ध लेखनानेही केलेलं नाही.

नवोदितांचे लेख माझ्याकडे वाचायला येतात. विषय पाणीटंचाईचा असतो आणि अख्ख्या लेखात एका गावाचं नाव नसतं. टँकर किती दिवसांनी येतो, घरटी किती हंडे मिळतात, विहीर कोणत्या महिन्यात आटली, यातलं अक्षर नसतं. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ने सुरू झालेला लेख ‘काळाची गरज’ सांगून ‘खारीचा वाटा’ उचलायला लावतो आणि संपतो. असा लेख घरबसल्या कोणीही लिहू शकतो, म्हणूनच तो कोणी वाचत नाही.

ही खोड शाळेत लागते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध मुलं गाईडमधून पाठ करतात. मुंबईच्या चाळीत राहणारं मूल तुंबलेल्या गल्लीतून गुडघाभर पाण्यात शाळेत येतं आणि वहीत मात्र थुईथुई नाचणारा मोर लिहितं. त्याला चांगले गुण मिळतात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं नसतं, हा धडा त्याच्या मनावर कायमचा कोरला जातो. पुढे पैसे घेऊन प्रमाणपत्र वाटणाऱ्या लेखन कार्यशाळा त्याच मोराला नवी पिसं लावून देतात.

मराठीत नवखेपणी लिहिलेलं जे टिकलं, ते वेगळ्याच कारणाने टिकलं. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपासची होती. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा उघड सवाल तिने केला. डोक्यावर छप्पर नसताना मांग-महारांच्या बायका थंडीपावसात कशा बाळंत होतात, हे तिने लिहिलं. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली आणि तमाम बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं जाऊ लागलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे खवळल्या आणि 1882 साली त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्यांचं एवढंच पुस्तक आपल्याला माहीत आहे. या दोघींना कोणत्याही कार्यशाळेने घडवलं नव्हतं. पाहिलेलं आणि सोसलेलं त्यांच्याजवळ होतं, आणि ते कोणाला सांगायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शैली लागतेच. पण सांगण्यासारखं काही हाती असेल तर ती कमावता येते. हात रिकामे असतील तर ती नुसती सजावट उरते.

म्हणून नवोदिताने विषय लहान घ्यावा. ‘शिक्षणाची दुरवस्था’ नको. आपल्या गावच्या शाळेतल्या दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक का आहे, ते शोधा. मुख्याध्यापकांना भेटा, पालकांशी बोला, तुमचं मत ज्याला पटत नाही त्यालाही गाठा. कार्यालय दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. हा कायदा 2005 पासून आहे, महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मग लिहा. लिहून झाल्यावर पहिला परिच्छेद खोडून पाहा. लेखाचं काही अडलं नाही तर तो खोडलेलाच राहू द्या. प्रत्येक विशेषणाला जाब विचारा: ‘भीषण’ म्हणजे किती? आकडा असेल तर आकडा लिहा. मोठ्याने वाचा आणि जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. मग तो लेख कौतुक करणाऱ्या मित्राला न देता त्या विषयातल्या जाणत्या माणसाला दाखवा.

एवढी मेहनत करायची तयारी नसेल, तर लिहू नका. वाचकाच्या वेळेवर तुमचा हक्क नाही. तो प्रत्येक लेखात नव्याने कमवावा लागतो.