चूक नव्हे, भाषाभेद

धारणी-चिखलदऱ्याचे किंवा अकोट-तेल्हाऱ्याचे कोरकू मूल 'मोठा नदी' असे लिहिते, तेव्हा तांबडी रेघ ओढून शाळा मोकळी होते. वस्तुतः कोरकू ही मुंडा गटातील भाषा. तिच्यात नामांचा भेद सजीव-निर्जीव असा आहे. मराठीची तीन लिंगे तिला परकी. उलट मराठीत नसलेले द्विवचन तिच्यात आहे. म्हणजे ही चूक बुद्धीची नव्हे, दोन व्याकरणांच्या अंतराची आहे. ते अंतर शिक्षकालाच ठाऊक नसेल, तर मूल 'कच्चे' ठरते आणि शाळा सोडते.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी, असे घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून सांगते. आम्ही मराठीचे अध्यापक मात्र भाषाकुळांच्या तक्त्यात कोरकूचे नाव सांगून पुढे सरकतो.

'लीळाचरित्रा'च्या रिद्धपुरात २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मेळघाट त्याच अमरावती जिल्ह्यात आहे. कोरकू-मराठी तौलनिक व्याकरण आणि त्यावर बेतलेली शिक्षक-पुस्तिका हे तेथील उपयोजित भाषाविज्ञानाचे पहिले काम व्हावे, असे आम्हांस वाटते. मराठीचा अभिमान मराठी शिकू पाहणाऱ्या परभाषक मुलापर्यंत पोहोचणार नसेल, तर तो काय कामाचा?