विमानं परत गेली, पगार अडकले

"विमानतळ येतोय, आता पोरांना नोकऱ्या लागतील," हे वाक्य सध्या आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. वाढवण बंदराजवळ तिसरा विमानतळ करण्याची घोषणाही झाली आहे. बंदरावरून आपल्यात टोकाचे मतभेद आहेत, तो वाद इथे नको. आज मला एवढंच विचारायचंय: नोकरी लागली आणि कंपनीच बसली, तर पगाराचं काय?

वसईकरांना हा प्रश्न नवा नाही. गिरीज, सांडोर, भुईगावपासून विरारपर्यंत सहारला कामाला जाणारी घरं आहेत. कुणी इंजिनीअर, कुणी केबिन क्रू, कुणी चेक-इन काउंटरवर, कुणी लोडर. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं आणि कंपनी बंद पडली. हजारो नोकऱ्या गेल्या. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली होती. नंतर मे २०२३ मध्ये गो फर्स्ट गेली. दहा-अकरा वर्षांत तीन मोठ्या कंपन्या, आणि तिघींचंही बस्तान मुंबईत.

जेट का बुडाली, यावर पुष्कळ लिहून झालंय. २००७ मध्ये १४५० कोटींना एअर सहारा घेतली, ते ओझं झालं. ताफ्यात बोइंग ७३७, ७७७, एअरबस ३३० आणि छोटी एटीआर. म्हणजे प्रत्येक प्रकाराचे पायलट वेगळे, सुटे भाग वेगळे, इंजिनीअरांची ट्रेनिंग वेगळी. समोर इंडिगोने बरीच वर्षं एअरबस ३२० या एकाच घराण्यावर धंदा केला, विमान खाली कमीत कमी वेळ ठेवलं आणि तिकीट स्वस्त दिलं. जेटचा खर्च वरच राहिला, तिकिटाचा दर मात्र बाजाराने खाली ओढला.

पण आपल्या पोरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गिरणी बंद पडली तरी जमीन मागे राहायची. विमान कंपनीचं तसं नसतं. बहुतेक विमानं भाड्याची. उड्डाणाच्या वेळा, म्हणजे स्लॉट, कंपनीच्या मालकीचे नसतात. जेट थांबल्यावर मुंबई-दिल्लीचे तिचे स्लॉट सरकारने दुसऱ्या कंपन्यांना दिले. विमानं मालकांनी परत नेली. मग कामगाराने दावा लावायचा कशावर? कंपनीच्या नावावर?

आता गंमत बघा. गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली तेव्हा विमानांचे मालक अडकले, कारण दिवाळखोरीचा खटला दाखल झाला की कंपनीच्या ताब्यातली वस्तू कुणाला उचलून नेता येत नव्हती. ते कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून विमानांना त्या नियमातून वगळलं. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने गो फर्स्टच्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं. २०२५ मध्ये संसदेने विमानांवरच्या अशा हक्कांसाठी वेगळा कायदाच केला. यात चूक काही नाही. मालकाला विमान परत मिळण्याची खात्री नसेल तर तो भाडं वाढवतो आणि ते तिकिटातून आपणच भरतो.

पण मग कामगाराच्या पगाराची खात्री कुणी द्यायची? जेटच्या कर्मचाऱ्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या पूर्ण रकमेसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढावं लागलं. निकाल लागला जानेवारी २०२३ मध्ये. ७ नोव्हेंबर २०२४ ला त्याच कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षं! तेवढ्यात पहिलीतलं पोर सातवीत जातं. विमानमालकांसाठी कायदा दोन वर्षांत बदलला, पगारासाठी तसं काहीच झालं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी, डीजीसीएकडून मंजूर होतं. त्या वेळी पगार आणि पीएफ भरल्याचा दाखला मागा. थकबाकी असेल तर नवी उड्डाणं मिळणार नाहीत. विमानतळ कंपनी आपल्या बिलासाठी अनामत घेते, तशीच किमान दोन महिन्यांच्या पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लावा. जेटमध्ये २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच पगार रखडत होते. घंटा वाजत होती, पण ती ऐकणं कुणाच्या कामात बसत नव्हतं.

कुणी म्हणेल, अशाने अडचणीतली कंपनी लवकर बुडेल. बुडू शकते, हे मान्य. पण तिजोरीत थोडे पैसे असताना थांबलेली कंपनी कामगाराला काही तरी देऊन जाते. शेवटच्या थेंबापर्यंत ओढलेली कंपनी फक्त आश्वासनं देते. आणि महागाईची भीती घालू नका. विमान कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च इंधनाचा असतो, लोडरच्या पगाराचा नाही.

नव्या विमानतळांवर बरीच कामं कंत्राटदारांमार्फत मिळणार. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. पण मूळ मालक कोण, हे मुलाला ठाऊकच नसेल तर ती तरतूद कपाटातच राहते.

म्हणून दोन विनंत्या. ज्यांच्या घरी कुणी विमानतळावर कामाला आहे त्यांनी नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा, आणि दर महिन्याला पीएफचं पासबुक बघा. पगारातून कापलेले पैसे जमा होत नसतील, तर धोक्याची पहिली खूण तीच. आणि पुढच्या वेळी कुणी नेता "विमानतळामुळे हजारो नोकऱ्या" असं सांगायला आला, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा: साहेब, त्यातल्या कायम किती, कंत्राटी किती, आणि कंपनी बंद पडली तर शेवटचा पगार कोण देणार?

उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये नक्की लिहा. नाही मिळालं, तरी लिहा.