उस्मानाबादच्या बायकांचे देणे

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

उस्मानाबाद म्हटले की मराठी माणसाला तुळजाभवानी आठवते. जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांना मात्र एक अभ्यास आठवतो. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, पण वैद्यकाच्या नियतकालिकांत ते उस्मानाबादच राहणार.

१९९९ साली या जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह करण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका अभ्यासात आल्या. मुंबईचे टाटा स्मारक, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केले. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत पकडायला कोणती तपासणी खरोखर उपयोगी, हा प्रश्न होता. एका गटाची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची, म्हणजे ‘व्हीआयए’. चौथ्या गटातल्या बायकांना माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. त्या काळी नेहमीच्या सेवेत तपासणी नव्हतीच.

२००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. विषाणूची चाचणी, तीही आयुष्यात एकदाच केलेली. पण त्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात बायका कमी, ३१,४८८, आणि मृत्यू ६४. ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, त्यांच्यापैकी पुढच्या आठ वर्षांत एकही या आजाराने गेली नाही. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत.

व्हीआयए निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन टाटा स्मारकाने दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण चार फेऱ्या, तरबेज नजर आणि पक्का पाठपुरावा हे सगळे जमले तर! शिवाय पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाचा जो भाग पाहायचा तोच आत सरकतो. मग व्हिनेगर काय दाखवणार?

तरीही केंद्राच्या २०१६ च्या आराखड्याने ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयएच निवडली. त्या वेळी विषाणूची चाचणी महाग होती, हे कारण समजण्यासारखे आहे. पण निवडलेली तपासणी तरी कितीजणींपर्यंत पोचली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के जणींची गर्भाशयमुखाची तपासणी कधी ना कधी झालेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट ७० टक्के आहे, आणि २०२१ पासून तिची पहिली पसंती विषाणूच्या चाचणीलाच आहे. त्या शिफारशीमागच्या पुराव्यात धाराशिवच्या बायकाही आहेत.

अडचण पैशाइतकीच संकोचाचीही आहे. अंगावरून जाते, हे बाई घरात सांगत नाही. टेबलावर झोपून तपासून घेणे तर दूरच. विषाणूच्या चाचणीत तिला आडोशाला जाऊन स्वतःच नमुना घेता येतो. आशाताईने नळी द्यायची आणि परत न्यायची. यंत्राचे म्हणाल तर गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट क्षयरोगासाठी गावपातळीवर वापरात आहेच. एचपीव्हीची तपासणीही त्यावर होते. मुलींसाठी लस हवीच, पण तिशी ओलांडलेल्या बाईचा प्रश्न लसीने सुटत नाही.

उस्मानाबादच्या अभ्यासात तपासणीविना ठेवलेल्या चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. असा गट ठेवणे न्याय्य होते की नाही, यावर तज्ज्ञ भांडोत. विभागाकडे मागणी साधी आहे: विषाणूच्या चाचणीची मोहीम अभ्यासातल्या त्याच गावांतून सुरू करावी आणि किती जणींची चाचणी झाली, किती जणींवर उपचार झाले, याचे तालुकावार आकडे दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावेत. १९९९ मध्ये तिशीत पाऊल टाकलेली तिथली बाई आज पन्नाशीच्या पुढे आहे, म्हणजे सरकारी आराखड्याच्या वयोमर्यादेत ती अजून बसते.

कळावे,
एक नागरिक