ध्वजवंदन आणि मुलाचे मन

शाळेत ध्वजवंदन चालू असताना एखादे मूल गप्प उभे राहिले, तर आपण शिक्षक काय करू? अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या मुलांना ध्वजाला सलाम करणे मूर्तिपूजेसारखे वाटे. १९४० साली न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी जमावाने हल्ले केले.

पुढे १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातील बार्नेट खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी आपला निर्णय फिरविला. तो दिवस अमेरिकेचा ध्वजदिन होता. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालाचे सार असे की, मूलभूत हक्क मतदानावर टाकता येत नाहीत आणि काय मानावे हे कोणी अधिकारी ठरवू शकत नाही. १९८६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, पण न गाणाऱ्या केरळच्या तीन मुलांना न्याय दिला.

शाळेत शिस्त हवीच. मी वर्गात तिचा आग्रह धरतो. पण धाकाने हात वर जातो, मन जात नाही. वाचकहो, या बेटावर आपण मराठी लोक थोडेच आहोत. आपली भाषा, आपले सण बहुमताच्या मर्जीवर नव्हे, हक्कावर टिकावेत असे आपल्याला वाटते ना? मग त्या गप्प उभ्या मुलाचा हक्कही आपण जपला पाहिजे.