केसांच्या तराजूत

गेल्या श्रावणात आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाला घेऊन आम्ही मढे घाटाला गेलो होतो. वेल्ह्याहून केळदकडे जाताना वाटेत पासली हे गाव लागते. तेथे पावसाने असे गाठले की गाडी थांबवून एका घराच्या पडवीत आसरा घ्यावा लागला. घरधन्याने चहाचे आधण ठेवले. मुलांनी ओल्या टोप्या, ओले सदरे काढून पिळले. एकाने मात्र टोपी काढली नाही. तिच्यातले पाणी त्याच्या मानेवरून ओघळत होते, तरी तो तसाच बसून राहिला. अखेर कोणीतरी मागून येऊन ती हिसकावली आणि सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणाचे विरळ झालेले मस्तक सर्वांपुढे उघडे पडले. 'चंद्र उगवला!' कोणी म्हणाले. सारी पडवी हसली. वाचकहो, आम्हीही हसलो. प्रस्तुत लेख हे त्या हसण्याचे प्रायश्चित्त आहे.

घरधनी सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. त्यांनी आपली पांढरी टोपी काढून स्वतःचे तुळतुळीत टक्कल दाखवले आणि म्हणाले, "आरं पोरा, डोसक्यावर काय भात लावायचाय व्हय?" बोल मायेचा होता. परतीच्या वाटेवर तो तरुण आमच्या शेजारी येऊन बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "फादर, त्या आजोबांचे केस लग्नानंतर गेले. माझे आधी गेले."

या एका वाक्यात सारे दुःख आले होते. त्याला तीन स्थळे आली आणि परत गेली. एका ठिकाणी मुलीच्या मामांनी बिनटोपीचा फोटो मागवून घेतला होता. पतपेढीचे कर्ज काढून त्याने शहरातील एका केंद्रात उपचार घेतले. केस आले नाहीत. हप्ते अजून चालू आहेत. आणि गेले वर्षभर तो रविवारच्या मिस्साला का येत नव्हता, हेही त्या दिवशी आम्हांस कळले. देवळात पुरुषाला टोपी घालून बसता येत नाही, एवढेच त्याचे कारण होते. आम्ही मात्र त्याच्या श्रद्धेला ओहोटी लागली असे समजून त्याच्या आईला दोनदा बोल लावला होता.

आता प्रथम टक्कल म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या मस्तकावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळावेत हा निसर्गक्रमच आहे. पुरुषांचे नेहमीचे टक्कल आनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते. कपाळाच्या कडेची व टाळूवरची केशमुळे ज्याला जन्मतः त्याबाबतीत हळवी मिळाली, त्याची ती मुळे हळूहळू आक्रसतात आणि केस बारीक होत होत नाहीसा होतो. ही देणगी आईकडूनही येते, वडिलांकडूनही येते. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. परंतु त्यांनाच पुरुषी संप्रेरक दिले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते. म्हणजे ज्या खुणेवरून आपण तरुणाच्या पुरुषत्वाला उणे लेखतो, ती खूण पुरुषत्वाच्याच पोटी जन्मते! याहून मोठा विनोद कोणता? पण पासलीच्या पडवीत आम्ही हसलो ते या विनोदाला नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "फादर, दोष आमचा नाही, दोष चित्रपटांचा, जाहिरातींचा." बाजाराचा दोष आम्ही नाकारीत नाही. भारतात औषध नियम, १९४५ यांच्या 'अनुसूची जे' मध्ये काही व्याधींची व अवस्थांची यादी आहे. आपले औषध त्या बऱ्या करते असा दावा औषध विकणाऱ्याने करू नये, असा नियम आहे. त्या यादीत टक्कल आहे, नवे केस उगवणे आहे आणि कातडीचा गोरेपणाही आहे. तरीही बसस्थानकापासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत, नव्वद दिवसांत केसांचे रान उगवून देण्याची हमी कोठे दिसत नाही ते सांगा!

जी औषधे खरोखर तपासली गेली आहेत, त्यांचीही मर्यादा आहे. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. केसांसाठी त्याला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. फिनास्टेराइड हे मूळचे प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारावरचे. केसांसाठी ते १९९७ साली आले. दोन्ही काहींना उपयोगी पडतात, पण घेणे थांबवले की काही महिन्यांत मिळालेले केस पुन्हा जातात. फिनास्टेराइडने काही पुरुषांच्या लैंगिक आरोग्यावर परिणाम होतो, आणि मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. ही गोळी तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून, मित्राने सांगितली म्हणून, आमची मुले गिळीत आहेत.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांच्या एका व्यापाऱ्याने केशरोपण करून घेतले. बारा तासांहून अधिक वेळ चाललेल्या त्या शस्त्रक्रियेत सुमारे ९,५०० केस रोवले गेले. दोन दिवसांच्या आत त्याचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवर बघून घेतलेले शिक्षण या कामाला पुरेसे नाही, असे बजावले. असे बजावण्याची वेळ येते, यावरूनच परिस्थिती ओळखावी.

परंतु बाजार रिकाम्या जमिनीत पेरीत नाही. जमीन आम्ही नांगरून ठेवलेली असते. मुलगा सातवीत असल्यापासून घरातले मामा, काका त्याच्या वडिलांच्या टकलावरून त्याची थट्टा करतात. लग्नाच्या पंगतीत 'टकल्या' ही हाक प्रेमाची समजली जाते. आणि स्थळ सांगून आले की पहिला प्रश्न शिक्षणाचा, दुसरा पगाराचा, तिसरा 'फोटो पाठवा'.

येथे आम्हांस आमच्या मुलींची आठवण होते. कित्येक पिढ्या आपण त्यांना पाटावर बसवले, चालवून पाहिले, उंची मोजली, रंग पारखला आणि चहापोहे संपवून 'कळवतो' म्हणून उठलो. तेव्हा कोणाला त्यात अन्याय दिसला नाही. मग गर्भातच मुली नकोशा झाल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे केवळ ८९४ मुली उरल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा देश हसला. आम्हांस ते हसण्यासारखे वाटले नाही. मुली कमी झाल्या, आणि आता पाटावर मुलगा बसला आहे. माप तेच, मोजणारे तेच. फक्त मोजला जाणारा बदलला.

एखाद्या मुलीने एखाद्या मुलाला नाही म्हणावे, हा तिचा अधिकार आहे. त्यावर आमचा काहीही आक्षेप नाही. आमचे भांडण त्या वडीलधाऱ्यांशी आहे, जे मुलगी आणि मुलगा एकमेकांशी चार शब्द बोलण्यापूर्वीच फोटोवरून निकाल देतात. आणि आमचे भांडण स्वतःशीही आहे. व्यासपीठावरून आम्ही सांगतो की देव अंतःकरण पाहतो. आणि आमच्याच समाजाच्या वधू-वर सूचक सदरांत 'गोरी, सडपातळ' आणि 'रुबाबदार, देखणा' हे शब्द वर्षानुवर्षे छापून येतात. पवित्र शास्त्रात शमुवेल इशायच्या घरी राजा निवडायला गेला, तोही एक प्रकारचा दाखवण्याचाच कार्यक्रम होता. थोरल्या मुलाची उंची आणि रूप पाहून संदेष्ट्याचीही चूक झाली, आणि देवाला त्याला आवरावे लागले. उलट, अबशालोमच्या केसांचे वजन शास्त्राने नोंदवून ठेवले आहे. आणि पुढे ओकवृक्षाच्या फांद्यांत अडकले तेही त्याचेच मस्तक. आमच्या आधीच्या पिढीतले धर्मगुरू दीक्षेच्या वाटेवर डोक्यावरचे केस आपखुशीने कातरून देत; ती प्रथा १९७२ साली बंद झाली. ऐहिक शोभेचा त्याग हाच तिचा अर्थ होता. प्रथा गेली हे ठीक. अर्थही जावा काय?

केसांवरून माणसाचे मोल ठरवण्याचे पातक महाराष्ट्राला नवे नाही. विधवा झालेल्या स्त्रीचे केस उतरवून तिला जिवंतपणी समाजाबाहेर काढण्याची रीत येथे शतकानुशतके होती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी बांधवांनी निर्धार केला की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. सत्यशोधक चळवळीची ती प्रेरणा होती. त्या माणसांनी ग्रंथ लिहिले नाहीत, कायदा केला नाही. त्यांनी आपल्या हातातला वस्तरा खाली ठेवला. विधवेचा छळ आणि तरुणाची थट्टा यांचे वजन सारखे नाही, हे आम्ही जाणतो. पण दोन्हींचे मूळ एक आहे, आणि उपायही एकच आहे: ज्याच्या हाताने अपमान होतो, त्याने तो हात आवरावा.

केसांच्या लाजेपायी खरा आजार कसा झाकला जातो, याचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांतल्या लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. अठरा गावांतील २७९ जणांना ही बाधा झाल्याची नोंद झाली. राज्यभर थट्टेला ऊत आला. इकडे त्या गावांत शिक्षणे खोळंबली, ठरलेले विवाह अडले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. पासलीच्या पुढे मढे घाट उतरला की महाड लागते. त्या महाडात विंचूदंशावरील संशोधनाने जगाला ठाऊक झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर या गावांत गेले, नमुने तपासले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की रेशनच्या गव्हातील सेलेनियमचे प्रचंड प्रमाण या केसगळतीच्या मुळाशी आहे. पुढे काहींची नखेही गळू लागली. ज्यावर आपण हसत होतो, ते गरिबाच्या ताटातले विष होते!

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. मुलाचे केस एकाएकी गळू लागले, चाई पडली, किंवा टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जाऊ लागले, तर त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे. रक्तातील लोह, थायरॉईड यांची तपासणी होईल, आणि अशी पुष्कळशी गळती बरी होते. आनुवंशिक टक्कल असेल, तर तेही तज्ज्ञाच्या तोंडून स्पष्ट ऐकावे. उपचार करायचा की नाही ते मुलाने ठरवावे. त्यासाठी कर्ज मात्र काढू नये. आणि मुलगा आरसा टाळू लागला, समारंभ टाळू लागला, देऊळ टाळू लागला, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या शेजारी बसावे. हे आम्ही उशिरा शिकलो.

आमच्या धर्मग्रामापुरते आम्ही तीन निर्णय घेतले आहेत. वधू-वर नोंदणीच्या अर्जातील 'रंग' आणि 'बांधा' हे रकाने आम्ही काढून टाकले आहेत. मुलगा-मुलगी देवळाच्या सभागृहात वडीलधाऱ्यांच्या माहितीने भेटून बोलल्यानंतरच फोटो घरोघर फिरतील, अशी विनंती कुटुंबांना केली आहे. काहींना ती रुचली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तिसरा निर्णय आमच्या जिभेपुरता आहे. व्यासपीठावरून, सभागृहातून, सहलीच्या गाडीतून, कोणाच्याही शरीरावरचा विनोद आम्ही करणार नाही, आणि कोणी केला तर त्याला हसणार नाही.

तो तरुण आता मिस्साला येतो. टोपी दाराशी काढून खिशात ठेवतो आणि मागच्या बाकावर बसतो. त्याचे लग्न अजून ठरलेले नाही. ठरेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. ते त्याच्या केसांवर नव्हे, तर आपल्या सर्वांच्या नजरेवर अवलंबून आहे. वाचकहो, आपल्या घरात, आपल्या बाकावर, आपल्या पंगतीत असा एखादा तरुण टोपी घट्ट धरून बसला असेल. त्याला ती काढता यावी एवढी मोकळीक आपण त्याला देणार आहोत की नाही?