मोकळा विषाणू त्यांना दिसतच नाही


काढ्याने मारक टी-पेशी ‘दिसेल त्या जंतूवर तुटून पडतात’, असे भोरच्या वाचकांनी लिहिले आहे. आमच्या वेल्ह्यातही भातलावणीत ताप आला की काढे उकळतात, खुशाल प्यावेत. पण या पेशींना मोकळा विषाणू दिसतच नाही. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एमएचसी रेणूंवर बाहेर मांडते. त्यातला परका तुकडा जुळला, तरच मारक पेशी चिकटते, परफोरिन या प्रथिनाने छिद्रे पाडून ग्रॅन्झाइम ही मारक विकरे आत सोडते. शेजारची निरोगी पेशी शाबूत! डोहर्टी-झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये उंदरांत दाखवलेल्या या अटीच्या शोधाला १९९६ चे नोबेल मिळाले. कर्करोगाच्या पेशी हे तुकडे लपवू शकतात. म्हणून आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार-१९ (मान्यता २०२३) उपचारात टी-पेशींना बी-पेशींच्या पृष्ठभागावरचे सीडी-१९ हे प्रथिन थेट ओळखायला लावतात. त्यात निरोगी बी-पेशीही मरतात.

– एक वाचक, वेल्हे