गाळणीचे काम

वर्षभर एक गोष्ट मनाला खुपते आहे. तापीच्या पुलावर गाडी थांबते, काच खाली होते. सुकलेले झेंडू, अगरबत्तीचे पुडे, फुटकी तसबीर असे सगळे कोंबलेली प्लॅस्टिकची पिशवी कठड्यावरून खाली जाते आणि मग हात जोडले जातात. हटकले तर उत्तर तयार: ‘पवित्र आहे, कचऱ्यात कसे टाकायचे?’

 मला बोलायचे आहे ते ‘पवित्र’ या एका शब्दाबद्दल.

‘पवित्र’ हा मूळचा अवजाराचा शब्द. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे, त्याला ‘इत्र’ लागले. ‘खनित्र’ म्हणजे कुदळ, ‘लवित्र’ म्हणजे विळा, तसे ‘पवित्र’ म्हणजे शुद्ध करण्याचे साधन. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातले पवित्र मेंढीच्या लोकरीचे आहे. कुटलेल्या सोमाचा रस त्यातून गाळत. पुढे दर्भालाही तेच नाव मिळाले. श्राद्धाला अनामिकेत घालतात ते दर्भाचे पवित्रक त्यातलेच. म्हणजे हा शब्द मळात हात घालणारा. त्याला सोवळे नेसवून आपण कोपऱ्यात बसवला.

त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून आपल्या अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. माणसाच्या स्पर्शाने देव विटाळतो, असे मानणारे तेव्हा होते, आजही आहेत. गाळणी मळाला भिऊन फडताळात बसली तर ती गाळणी कसली?

आपल्या दीपनगरच्या वीज केंद्रात धूर चिमणीत जाण्याआधी त्यातली राख विजेच्या भाराने पत्र्यांवर ओढून घेतात, ठोके देऊन खाली पाडतात. शब्दाच्या जुन्या अर्थाने गावातले पवित्र ते. कुणाला हे झोंबले तरी वाक्य मागे घेणार नाही.

चांगदेवला पूर्णेला कवेत घेऊन आलेली तापी हतनूरच्या धरणात अडते आणि तेच पाणी आपल्या हंड्यात येते. तेव्हा यंदा लक्ष्मीपूजनाचे झेंडू पुलावर नेऊ नका. दोरा आणि प्लॅस्टिक वेगळे काढा, फुले परसात खड्डा करून कुजवा. परस नसेल तर ओळखीच्या केळीवाल्याला द्या, तो खत म्हणून बागेत घालील.